राष्ट्रदिन, फक्त फॅमिलीसाठी

मुंबई बंदरातून निघालेल्या आरमारानं समुद्रापलीकडचं एक गाव जाळलं आणि त्या मोहिमेत आपल्याच मुलखातले शिपाई होते, हे तुम्हाला शाळेत कुणी शिकवलं का?

मला नाही शिकवलं. मी इचलकरंजीत ट्रेडल छपाई मशीनच्या खडखडाटात वाढले. वडील यंत्रमाग कामगारांची पत्रकं छापत. 'सहल' हा शब्द लिहायला येण्याआधी मला 'साम्राज्यशाही' लिहिता येत होतं. त्या सगळ्या कागदांवरून माझी एक पक्की समजूत झाली होती : साम्राज्याच्या गोष्टीत आपण फक्त मार खाणारे. ही समजूत घेऊन मी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या वैजूताईकडं आखातातल्या रास अल खैमाला गेले. परत आले तेव्हा ती शिल्लक नव्हती. तिच्या जागी राग होता, आणि तो उतरायच्या आत मी हे लिहितेय.

वैजूताई तिथं बारा वर्षं आहे. भाऊजी टाइल्सच्या कारखान्यात इंजिनिअर. त्यांची ईरा दहा वर्षांची. मी मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर देते आणि मग आईकडं बघते, बरोबर बोलले ना म्हणून. मी पोहोचले त्याच संध्याकाळी शिरीष सर घरी आले. तिथल्या मराठी मंडळींच्या कमिटीचे ते प्रमुख. पुण्याचे, फ्री झोनमधल्या कुठल्याशा कंपनीत फायनान्स बघतात. माणूस अतिशय सभ्य. माझ्यासाठी बाकरवडी घेऊन आले होते. दोन डिसेंबरला या देशाचा राष्ट्रदिन असतो, कमिटी दर वर्षी एक शेत भाड्यानं घेऊन कार्यक्रम करते, तेव्हा मुलांसाठी पंधरा मिनिटांचं नाटुकलं मी लिहून द्यावं, असं त्यांचं म्हणणं.

"लाइट ठेवा हं. सेव्हन एमिरेट्स, सेव्हन किड्स, सेव्हन ड्रेसेस. सगळे हात धरतात, फ्लॅग येतो, खलास."

मी हो म्हटलं. मला वाटलं, वसाहती कशा मोकळ्या झाल्या आणि त्यांचा देश कसा झाला, हे लिहिणं म्हणजे माझ्या घरचंच काम.

किल्ला

दुसऱ्या दिवशी ताईनं मला जुन्या किल्ल्यातल्या संग्रहालयात नेलं. आत खूप काही नाही. नाण्यांच्या पेटीत आपले रुपये. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत हा किनारा आपल्याच रुपयांवर चालत होता, हे मला तिथं कळलं. बाकीचं मी घरी येऊन वाचत बसले आणि वाचताना कान तापत गेले.

या किनाऱ्याला इंग्रजांनी नाव दिलं होतं, चाच्यांचा किनारा. समुद्र आपला म्हणणारा चाचा, आणि दुसऱ्याचा समुद्र बळकावणारा व्यापारी! एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी या गावावर दोनदा आरमार पाठवलं. दोन्ही वेळा ते मुंबईहून निघालं. दुसऱ्या वेळी, १८१९च्या डिसेंबरात, गाव पाडलं, गलबतं जाळली आणि पुढच्याच वर्षी शेखांकडून तहावर सह्या घेतल्या. त्या फौजेत मुंबईच्या पलटणी होत्या. त्या पलटणींत भरती कुठून व्हायची? कोकणातून, देशावरून. १८१८ साली आपलं राज्य गेलं आणि पुढच्याच वर्षी आपली माणसं दुसऱ्याचं गाव पाडायला बोटीत बसली.

पुढची दीडशे वर्षं तहांमागून तह. परक्या कुणाशी बोलायचं नाही, जमीन द्यायची नाही, साहेबाला विचारल्याशिवाय काही करायचं नाही. बदल्यात साहेब 'संरक्षण' देणार. १९६८ साली साहेबानं जाहीर केलं की आता परवडत नाही, आम्ही निघालो. इथं मी अडखळले. मला मोर्चा हवा होता, गोळीबार हवा होता. इथं काही शेखांनी उलट, फौजेचा खर्च आम्ही देतो, पण थांबा, असंही सांगून पाहिलं. दीडशे वर्षं कुबडी घेऊन चालायला लावलं की माणूस कुबडीलाच पाय समजतो. नऊ संस्थानांचा देश करायचं ठरलं, दोन बाजूला झाली. उरलेल्या सातांपैकी सहा दोन डिसेंबर १९७१ला एकत्र आली. सातवं आलं पुढच्या फेब्रुवारीत. ते सातवं म्हणजे हेच, रास अल खैमा.

म्हणजे ज्या गावात सात मुलं हात धरणार होती, त्या गावानंच त्या दिवशी हात दिला नव्हता. मी नाटुकल्यात सहा मुलं उभी केली आणि सातवी एकटी, बाजूला. सातवी ईरा.

"Why do I have to come last?" ती म्हणाली.

मी म्हटलं, रागावली होतीस म्हणून. ते तिला पटलं.

खोर फक्कान

शनिवारी भाऊजींनी गाडी काढली आणि डोंगर ओलांडून आम्ही पूर्वेच्या किनाऱ्यावर गेलो. हजरचे डोंगर बघून मला आधी धक्का बसला. गवताचं पातं नाही. सह्याद्रीचं कातडं सोलून हाडं उन्हात वाळत ठेवावीत तसे. मग बोगदा, आणि एकदम निळी खाडी, बंदरावरच्या पिवळ्या-लाल क्रेन, एकावर एक रचलेले कंटेनर. आम्ही समुद्राकडं तोंड करून परोठे आणि करक, म्हणजे कडक उकळलेला, चहा घेतला. ताईनं सवयीनं हिशेब सांगितला, चहा दोन दिरहम, म्हणजे पन्नास रुपये धर. मी कप वाळूवर ठेवला आणि लाटेनं तो माझ्या चपलेसकट नेला. ईरा इतकी हसली की पहिल्यांदा मराठीत बोलली : "मावशी, पन्नास रुपये गेले."

हे गावही जाळलं गेलंय, इंग्रजांच्या तीन शतकं आधी, पोर्तुगीजांनी. वसई, रेवदंडा इथं त्यांच्या तटबंदीवर शेळ्या चरताना बघितल्या होत्या. त्याच लोकांनी इकडंही किनारे बळकावले होते. एका पायानं अनवाणी मी त्या किनाऱ्यावर उभी होते आणि मनात येत होतं, आपली आणि यांची ओळख किती जुनी. आपण मात्र भेटतो ते फक्त पगारासाठी.

कॅम्पबाहेर

नाटुकल्याला वाजवणारं कुणीतरी हवं होतं. ताई म्हणाली, खडीच्या खाणीवर कोकणातली माणसं आहेत, गणपतीत कामगारांच्या कॅम्पमध्ये जाखडी, तो सवाल-जवाबाचा नाच, नाचतात. रास अल खैमाचे डोंगर फोडूनच पलीकडच्या चकाचक शहरांचे पाये भरलेत. तो दगड फोडणाऱ्या क्रशरवर ही माणसं. बाईमाणसानं कॅम्पात जायचं नाही, म्हणून आम्ही समोरच्या कॅफेटेरियाबाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो आणि भाऊजींनी आतून दत्तारामकाकांना बोलावून आणलं.

संगमेश्वरकडचे दत्तारामकाका. साठीला टेकलेले, केस कुळकुळीत रंगवलेले, बोलताना सतत खोकत. खोकून झालं की पहिल्याइतकाच चढा आवाज. त्यांच्यासारखा शाहीर आखातात दुसरा नाही, हे त्यांनी मला बसल्या बसल्या सांगितलं. त्यांचा व्हिसा कॅन्सल झाला होता. पुढच्या आठवड्यात ते कायमचे गावी निघाले होते. मी कार्यक्रमाचं सांगितल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

मग म्हणाले, "इतकी वर्सं नाचलंव, पन कुनासमोर? बाप्यांनी नाचायचं, बाप्यांनी बघायचं. ता काय खरा नाय गो बाय. समोर बायामानसं, पोरंबाळं बसलेली हवीत. मी सवाल टाकला की एकादी म्हातारी हसली पायजे. ता येकदा होऊंदे, मंग जातंय."

त्यांना एवढंच हवं होतं. त्यांनी तिथंच सात संस्थानांवर गाणं बांधायला घेतलं आणि तीन दिवसांनी मला ऐकवलं. चाल अशी की पाय आपोआप हलावा. पण सात नावांत मस्कत होतं आणि सातांतलं उम्म अल कुवैन नव्हतं. मी म्हटलं, काका, मस्कत दुसऱ्या देशात आहे.

"आसंल. पन मस्कत चालीत बसता. ता तुमचा उम्म काय ता, ता बसायला मागत नाय."

त्यांच्यासोबत आलेला मृदंगवाला पोट धरून हसला. मी हट्ट धरला. हा काही गणपतीतला फार्स नव्हे, एका देशाचं नाव आपण चुकवायचं नाही. काकांनी माझ्याकडं असं बघितलं की मी त्यांची जमीन मागितलीय. पण दुसऱ्या दिवशी फोन आला. 'उम्मल' लांबवून 'कुवैन'वर घुंगरू टाकला होता. बसलं होतं. आता मस्कत बाहेर गेल्याचं त्यांना वाईट वाटत होतं.

आणि शिरीष सर म्हणाले, नाही.

कारण साधं. कार्यक्रम फॅमिलीचा आहे, बॅचलर अलाऊड नाहीत. तिकडं हा शब्द कसा वापरतात ते सांगते. बायको गावी आणि नवरा इथं, तो बॅचलर. तीन मुली आणि पाच नातवंडं असलेले दत्तारामकाका बॅचलर. बायकोला आणायची परवानगी पगारावर ठरते. म्हणजे आधी पगार कमी द्यायचा, त्यामुळं माणूस एकटा राहणार, आणि मग एकटा राहतो म्हणून त्याला बागेत, इमारतीत, कार्यक्रमात येऊ द्यायचं नाही.

"माझं पर्सनली काहीच नाही," शिरीष सर म्हणाले. "ओनरची कंडिशन आहे. लोकल माणूस आहे, हिज प्लेस, हिज रूल्स."

अबू हमद यांचं शेत

स्टेजची जागा बघायला भाऊजी शेतावर निघाले, तेव्हा मी गाडीत जाऊन बसले. ओनरला भेटल्याशिवाय उतरणार नाही म्हणून सांगितलं.

शेत म्हणजे खजुराची बाग, मध्ये हिरवळ, एका बाजूला बैठकीची खोली. अबू हमद पंच्याहत्तरीचे असतील. अंगात पांढराशुभ्र कंदुरा, घोट्यापर्यंतचा अरबी झगा, पायात रबरी चपला, आणि हिंदी फाडफाड. त्यांचे वडील गलबतावर मुंबईला खजूर न्यायचे, लहानपणी तेही गेले होते, भेंडी बाजारातली मिठाई त्यांना अजून आठवत होती. आम्हाला गहवा दिला, बिनदुधाची, वेलदोड्याची कडू कॉफी, इवल्या कपात. मी संपवली की ते पुन्हा ओतत. नको म्हणायचं तर उद्धटपणा होईल म्हणून मी पीत राहिले. छातीत धडधडायला लागल्यावर भाऊजी कानात म्हणाले, कप हलव, कप हलवला की पुरे. तोपर्यंत अबू हमद मिस्कीलपणे बघत होते. त्यांना सगळं कळत होतं.

मी १९७१च्या त्या पहिल्या राष्ट्रदिनाबद्दल विचारलं. त्यांनी खजुराची बी बशीत ठेवली.

"बाकी सब जगह खुशी था. इधर नहीं था. दो दिन पहले ईरान ने हमारा जज़ीरा, समंदर का टापू, ले लिया. उधर का लोग नाव में इधर आया, औरत, बच्चा, सब. एक पुलिस वाला मर गया. अंग्रेज़ डेढ़ सौ साल बोला, हम तुमको संभालता है. जिस दिन काम पड़ा, वो सामान बाँध रहा था."

त्यांचा आवाज चढला नाही. मी धीर करून म्हटलं की आमच्या मुंबईहून आलेल्या आरमाराबद्दल मी वाचलं, आमचे शिपाई त्यात होते. ते हसले. त्यांच्या आजीकडं त्याची गोष्ट होती म्हणे. "शिपाई का क्या क़सूर. दूसरे का हुकुम, दूसरे का बंदूक." आणि मग पुढं म्हणाले, त्या फेब्रुवारीत आम्ही गेलो तेव्हा बाकीच्यांनी जागा ठेवली होती. दार बंद करून बसले नव्हते.

तेव्हा मी बॅचलरांचं विचारलं. ते आत आलेले तुम्हाला का चालत नाहीत?

अबू हमद यांनी भाऊजींकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मैंने कब बोला? तुम्हारा कमिटी बोला. पहला साल ही बोला, गेट पे आदमी रखो, बैचलर को अंदर मत छोड़ो. हम बोला, ठीक है, तुम्हारा लोग है, तुमको मालूम."

परत येताना सिग्नलला थांबल्यावर मी विचारलं, भाऊजी, तुम्हाला माहीत होतं? ते म्हणाले, माहीत होतं. मग मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. मी त्यांना त्या पलटणीतलं म्हटलं एवढं पुरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि गाडी सुरू करताना म्हणाले, "तू आठवड्याने जाशील. आम्ही इथं आहोत. इथं उद्या कुणी काही बोललं, कुठं तक्रार गेली, तर ईराची शाळा, घर, सगळं त्या एका व्हिसावर आहे."

ती भीती खोटी नाही. पण ती भीती अबू हमद यांची नव्हती, सरकारची नव्हती. गेटवर माणूस ठेवा असं आपल्याला कुणीही सांगितलं नव्हतं. शिपायाला निदान दुसऱ्याचा हुकूम तरी होता.

दोन डिसेंबर

ओनरची सबब गेल्यावर कमिटीनं तोडगा काढला. जाखडी चार वाजता, फॅमिली सहा वाजता. बस साडेपाचला माणसांना परत नेणार. शिरीष सर म्हणाले, विन-विन.

चार वाजता बस आली. खाणीवरची माणसं उतरली, डोक्याला फेटे, कमरेला शेले, एका पायात घुंगरू. समोर दोनशे रिकाम्या खुर्च्या. ताई, मी, ईरा आणि झाडांना पाणी घालणारा एक माळी. काकांनी हिरवळीवर गोल आखला, मृदंगवाल्याला मध्ये बसवलं, गणाला सुरुवात करायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"सवाल कुनाला टाकू? खुर्च्यांना?"

काका गोलातून बाहेर आले आणि पहिल्या रांगेत बसले. त्यांच्यामागून सगळे बसले. साडेपाचला बसचा ड्रायव्हर, पेशावरचा उंचापुरा माणूस, 'यल्ला, चलो' म्हणत आला, काय चाललंय ते बघितलं आणि तोही शेवटच्या खुर्चीवर टेकला. सहाला गाड्या येऊ लागल्या. साड्या, अत्तरं, मुलांच्या गालांवर झेंडे. लोक येत आणि पुढच्या दोन रांगा बघून थबकत. शिरीष सर घाईनं आले.

"काका, प्लीज, फ्रंट रोज फॅमिलीसाठी रिझर्व्ह आहेत."

"मंग आमी कोन?" काका बसल्या जागेवरून म्हणाले. "मला बॅचलर लिवलात व्हय? आमच्या मंडळींना कळवा हां. तिला वाटतंय तिचा नवरा म्हातारा झाला."

पुढच्या दोन रांगा हसल्या, आणि मागच्याही. मागं एक आजी होत्या, लांज्याच्या, मुलाकडं व्हिजिटवर आलेल्या. त्या सरळ पुढं आल्या आणि काकांच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या. तुम्ही संगमेश्वरात कुठले, म्हणाल्या. मग थबकलेले लोकही मागच्या रांगांत बसले. अबू हमद नातवाला घेऊन आले होते, तेही बाजूला उभे राहून बघत होते.

नाटुकलं झालं. सहा मुलं उभी राहिली, ईरा एकटी कोपऱ्यात हाताची घडी घालून, नाक फुगवून. दोन महिने गेले असं मुलांनी ओरडून सांगितलं आणि ती चालत आली तेव्हा अबू हमद यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. आणि मग जाखडी. घुंगरांच्या पहिल्या ठोक्याला अंगावर काटा आला. काकांनी सवाल टाकला : सहा भावांनी घर बांधलं, सातव्यानं काय आणलं? आजी हसून ओरडल्या, "रुसवा!" काका गाता गाता थांबले. छातीवर हात ठेवून त्यांच्याकडं बघत राहिले. खोकला आला, तो गेला, पुन्हा गायले. उम्मल लांबलं, कुवैनवर घुंगरू पडला. पाच-सहा कुटुंबं उठून गेली. बाकी सगळे टाळ्या देत होते.

इथंच थांबले असते तर हे गोड प्रवासवर्णन झालं असतं. पण माइकवर शिरीष सर आले. आपल्या कामगार बंधूंचे त्यांनी मनापासून आभार मानले. मग म्हणाले, जेवण आता फॅमिलीसाठी बुफेवर आहे, कामगार बंधूंसाठी पॅकेट्स गेटवर ठेवली आहेत.

टाळ्या चालूच होत्या. वाक्य कुणाच्या कानाला खटकलंसुद्धा नाही. मी स्टेजकडं निघाले होते, काकांनी मनगट धरलं. "ऱ्हाऊंदे. आन्नावर रागवायचा नाय." माणसं गेली, पॅकेट्स घेऊन आली आणि बसकडं न जाता हिरवळीवर मांडी घालून ओळीनं बसली. पंगत. आजी बुफेवरची थाळी घेऊन त्या पंगतीत जाऊन बसल्या. मग ताई आणि ईरा. मी. भाऊजी थाळी हातात धरून बराच वेळ उभे होते, इकडं बघत, तिकडं बघत. शेवटी आले आणि काकांच्या समोर बसले. ड्रायव्हरनं त्यांना सरकून जागा दिली. शिरीष सर आले नाहीत. त्या दोनशे माणसांतलं आणखी कुणीही आलं नाही.

काका गावी पोहोचले. परवा फोनवर खोकत होते. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "म्हातारी हसली का नाय?"

आणि गेल्या आठवड्यात भाऊजींनी मला शिवजयंतीच्या कार्यक्रमाचा पास पाठवला, तिकडं मोबाइलवर फिरत असलेला. भगवा रंग, तलवार, घोडा. खाली बारीक अक्षरांत : फक्त फॅमिलीसाठी. पण पास भाऊजींनी कमिटीला परत केलाय, हे ताईकडून कळलं.

तर वाचकहो, तुमचा मुलगा, बहीण, मित्र, कुणीतरी तिकडं आहे, आणि असे पास त्यांच्याकडंही येतात. हा मजकूर खाली ठेवा आणि त्यांना फोन करा. खुशाली विचारून झाली की एवढंच विचारा : तुमच्या कार्यक्रमाला कॅम्पमधली माणसं येणार आहेत का, आणि जेवायला कुठं बसणार आहेत? उत्तर 'नाही' किंवा 'वेगळे' असं आलं, तर त्यांना पास परत करायला सांगा. एका घरानं केला तर कमिटी हसेल. दहा घरांनी केला तर गेटवरचा माणूस काढावा लागेल.